ऑस्कर माथिसेन: ऑलिंपिक पदक नसलेला जगज्जेता

प्रश्न एका पालकांनी विचारला आहे. त्यांची मुलगी इनलाइन स्पीड स्केटिंग, म्हणजे एका रांगेतल्या चाकांवरचं वेगाचं स्केटिंग, करते. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने ऑस्कर माथिसेन हा नॉर्वेचा जुना खेळाडू निवडला आणि त्यावरून घरात वाद लागला आहे. पाच वेळा जगज्जेता म्हणतात, पण ऑलिंपिकचं एकही पदक नाही, मग हा एवढा मोठा कसा? त्याचा १९१४ मधला १५०० मीटरचा विक्रम २३ वर्षं टिकला, म्हणजे त्या काळी खेळणारेच कमी होते का? तिसरी शंका खुद्द मुलीची आहे: ५०० मीटरला ४३.४ सेकंद तर आता चांगली मुलं इनलाइनवरही काढतात, मग यात विशेष काय?

मी बरीच वर्षं स्केटिंग शिकवतो, आधी चाकांवर आणि नंतर बर्फावरही. त्यामुळे मुलीच्या शंकेपासूनच सुरुवात करतो. ती सुटली की बाकीच्या दोन बऱ्याच सोप्या होतात.

आधी एक गोंधळ काढून टाकू. आपल्याकडे बर्फावरचं स्पीड स्केटिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शॉर्ट ट्रॅक येतो: हॉकीच्या रिंकवर घातलेली १११ मीटरची छोटी फेरी, एकत्र सुटलेला घोळका, वळणावरची धडपड. माथिसेनचा खेळ तो नव्हे. तो ४०० मीटरच्या मोठ्या ट्रॅकवरचा. एका वेळी दोघेच खेळाडू, एक आतल्या लेनमध्ये आणि एक बाहेरच्या. प्रत्येक फेरीत समोरच्या सरळ भागात दोघं लेन बदलतात, म्हणजे दोघांचं अंतर सारखं भरतं. जोडीदाराला हरवून भागत नाही, लढत घड्याळाशी असते. तुमच्या जोडीत तुम्ही पहिले आलात आणि नंतरच्या एखाद्या जोडीतला कुणी अर्ध्या सेकंदाने जलद गेला, तर तुम्ही मागे. कुणाच्या पाठीमागे लपून वारा चुकवण्याची सोयही नाही. इनलाइनच्या लांब शर्यतीत आपली मुलं जे पहिल्यांदा शिकतात, घोळक्यात राहा, पुढच्याच्या आडोशाने दम वाचवा, ते इथे काहीच कामाचं नाही.

आता त्या ४३.४ सेकंदांकडे वळू. १७ जानेवारी १९१४, स्थळ दावोस, स्वित्झर्लंड. उघड्यावरचा नैसर्गिक बर्फ. अंगावर लोकरीचे विणलेले कपडे. पायात चामड्याचे बूट आणि त्यांना टाचेपासून चवड्यापर्यंत पक्कं जखडलेलं लांब, सरळ, पातळ पातं. पोलादी नळीत पातं बसवायची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेत घडली. तिच्याशी हारल्ड हागेन आणि आक्सेल पाउल्सेन यांची नावं जोडली जातात. (फिगर स्केटिंगमधली 'अ‍ॅक्सेल' उडी ज्याच्या नावाची, तोच हा पाउल्सेन. तो वेगाचाही खेळाडू होता.) पुढची जवळपास शंभर वर्षं वेगाचे स्केट मुळात असेच राहिले.

टाचेला जखडलेल्या पात्यामुळे काय होतं, हे पायात घातल्याशिवाय नीट कळत नाही. चाकांवर असो वा बर्फावर, आपण पाय बाजूला ढकलून वेग घेतो. ढकल संपता संपता शरीराला सवयीने घोटा सरळ करून पोटरीचा जोर लावावासा वाटतो. जखडलेल्या पात्यावर तसं केलंत की टाच उचलली जाते, पात्याचं पुढचं टोक बर्फात रुततं आणि वेग वाढायच्या ऐवजी तुटतो. म्हणून जुने खेळाडू पोटरीचा जोर दाबून धरायला शिकायचे आणि ढकल घोटा न उचलताच संपवायचे. म्हणजे पायातला एक मोठा स्नायू असूनही अर्धा बेकार. हे कोडं सुटलं ते अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात खेरित यान व्हान इंगेन स्खेनाऊ यांच्या कामातून: टाच सुटी आणि चवड्यापाशी बिजागरी असलेला क्लॅप स्केट. १९९६-९७ च्या हंगामात डच महिलांनी तो मनावर घेतला, आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत जुना स्केट शर्यतीतून बाद झाला होता. माथिसेनच्या वेळा वाचताना पायातला हा फरक आधी लक्षात घ्यायचा.

दुसरा फरक कपड्यांचा आणि हवेचा. या वेगाला खेळाडूला जो विरोध होतो त्यात बर्फाचं घर्षण थोडं असतं आणि हवेचा वाटा मोठा, ढोबळमानाने तीन-चतुर्थांश किंवा जास्तच. डोक्यापासून पायापर्यंत अंगाला चिकटलेला एकसंध पोशाख या खेळात आणला स्वित्झर्लंडच्या फ्रान्झ क्रीनब्यूलने, आणि तोही १९७० च्या दशकात. सुरुवातीला लोक त्याला हसले. लोकरीचा विणलेला सदरा वारा कसा धरतो हे ज्याने थंडीत सायकल चालवली आहे त्याला सांगावं लागणार नाही.

तिसरा फरक खुद्द बर्फाचा, आणि माझ्या मते सगळ्यांत कमी लक्षात घेतला जाणारा. आज नेदरलँड्समधल्या हेरेनव्हेनच्या थिआल्फसारख्या बंदिस्त सभागृहात बर्फाचं तापमान यंत्र राखतं. पात्याला सर्वांत कमी घर्षण साधारण उणे सहा ते उणे नऊ अंशांच्या बर्फावर मिळतं. त्याहून गार बर्फ चिकट लागतो, त्याहून उबदार बर्फ मऊ होऊन पातं आत घेतो. माथिसेनच्या काळात हे सगळं आभाळाच्या हाती होतं. रात्री पाणी घालून बर्फ धरायचा, सकाळी झाडायचा. मग ऊन आलं, वारा सुटला, शर्यतीच्या मध्येच हिमवर्षाव सुरू झाला, तर जे असेल ते. कोण कितव्या जोडीत सुटणार याची सोडत निघायची, आणि कसोटीत नाणेफेकीनंतर मिळणाऱ्या खेळपट्टीसारखंच ते नशीब असायचं. पहिल्या जोडीला कडक बर्फ आणि दहाव्या जोडीला दुपारचा घामेजलेला.

म्हणून तुमच्या मुलीला सांगा, चाकांवरचे ४३ सेकंद आणि त्या बर्फावरचे ४३ सेकंद एका रकान्यात लिहू नकोस. चाक गुळगुळीत डांबरी किंवा सिमेंटच्या ट्रॅकवर फिरतं आणि ढकलीला रबरासारखी पकड देतं. पातं कडेवर उभं राहतं आणि पकड म्हणजे त्या कडेची धार, बाकी काही नाही. चाकांवर छान वेग घेणारी मुलं पहिल्यांदा बर्फावर उतरतात तेव्हा वळणावर त्यांचा पाय बाहेर निसटतो, कारण ती चाकाच्या भरवशावर झुकतात. कडेवर वजन टाकायला वेगळं धाडस लागतं. तरीही तुलना करायचीच असेल तर बर्फाची बर्फाशी करा. ४३.४ सेकंद म्हणजे उभ्याने सुटून ताशी साधारण ४१.५ किलोमीटर सरासरी. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या निल्स व्हान देर पूलने १०,००० मीटर १२ मिनिटं ३०.७४ सेकंदांत कापले, म्हणजे पंचवीस फेऱ्या, प्रत्येकी सरासरी ३० सेकंदांची, ताशी जवळपास ४८ किलोमीटर. आजचा लांब पल्ल्याचा खेळाडू पंचवीस फेऱ्या ज्या वेगाने जातो, तो माथिसेनच्या सव्वा फेरीच्या झेपेपेक्षाही जास्त आहे. आकडा बघून पोरं हसतात. त्या हसण्याला उत्तर म्हणून वर पाय, कपडे आणि बर्फ सांगितले.

मग त्याला मोठं कशावरून म्हणायचं? त्याच्याच काळातल्या, त्याच्याच बर्फावरच्या, तसेच स्केट घातलेल्या माणसांशी तुलना करून.

ऑस्करचा जन्म ४ ऑक्टोबर १८८८ चा, क्रिस्तियानियातला. आजच्या ओस्लोचं ते तेव्हाचं नाव. घरात स्केटिंग होतंच: मोठा भाऊ सिगुर्द १९०४ मध्ये क्रिस्तियानियातच जगज्जेता झाला होता. ऑस्कर क्रिस्तियानिया स्केटिंग क्लबचा. नॉर्वे १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झाला. नव्या देशाला आपले नायक हवे होते, आणि ते बर्फावरच मिळणार हे उघड होतं. ध्रुवाकडे जाणारा अमुंडसेन एक, आणि गावातल्या ट्रॅकवर गोल फिरणारा ऑस्कर दुसरा. १९०७ मध्ये तो राष्ट्रीय विजेता झाला. १९०८ मध्ये ट्रॉन्डहाइमला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जगज्जेता.

या १९०८ ला एक गोष्ट घडलेली आहे, ती प्रकल्पात जरूर घ्या. १८९२ मध्ये नेदरलँड्समधल्या स्खेव्हेनिंगेनला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली, आणि १८९३ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली. ती डच खेळाडू याप एडनने जिंकली. स्पर्धा चार अंतरांची: ५००, १५००, ५००० आणि १०,००० मीटर. नियम मात्र फार कडक होता. चारपैकी किमान तीन अंतरं जिंकलीत तरच जगज्जेते. कुणालाच तीन मिळाली नाहीत तर त्या वर्षी जगज्जेता कुणीच नाही, सगळे घरी जा. हे अनेकदा झालं. १९०२ आणि १९०३ ला झालं, पुन्हा १९०६ आणि १९०७ ला. १९०८ पासून दुरुस्ती आली: तीन अंतरं जिंकणारा सरळ विजेता, पण असा कुणी नसेल तर चारही अंतरांतले क्रमांक मिळवायचे आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. माथिसेनचा उदय आणि हा नियम एकाच हिवाळ्यातले. काही जण म्हणतात की नियम सैल झाला म्हणून त्याला किताब सोपे गेले. मला हे पटत नाही. चार अंतरांची बेरीज लागते तिथे एका अंतरावरचा राजा चालत नाही. कुठेही ढिलाई झाली की बेरीज फुगते.

तो काय करत होता ते नीट बघा. दोन दिवसांत चार शर्यती. साधारण पहिल्या दिवशी ५०० आणि ५०००, दुसऱ्या दिवशी १५०० आणि १०,०००. पाऊण मिनिटाच्या स्फोटक झेपेनंतर काही तासांत साडेबारा फेऱ्या. रात्री पाय जड. सकाळी १५००, जे मी शिकवलेल्या प्रत्येकाला सर्वांत जास्त नकोसं वाटतं. ते पूर्ण झेपेने संपवता येत नाही आणि दमाने जाण्याइतकं लांबही नाही. शेवटच्या फेरीत मांड्या पेटतात, बसकण वर येते आणि वेळ डोळ्यांदेखत गळते. त्यानंतर पंचवीस फेऱ्या. हे चारही एकाच शरीराकडून काढून घेणं म्हणजे धावपटूंच्या भाषेत ४०० मीटरच्या माणसाने १०,००० मीटरही जिंकावं. आज हे जवळपास मोडीतच निघालं आहे. झेपेवाले वेगळे, लांब पल्ल्याचे वेगळे.

माथिसेन १९०८ नंतर १९०९, १९१२, १९१३ आणि १९१४ ला जगज्जेता झाला, शिवाय १९०९, १९१२ आणि १९१४ ला युरोपचा विजेता. मधली दोन वर्षं रिकामी दिसतात. ती रिकामी केली निकोलाय स्त्रुन्निकोव्हने, आणि 'खेळणारे कमी होते का' या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हा रशियन आहे. १९१० ला हेलसिंकीत तो पहिला, माथिसेन दुसरा. १९११ ला ट्रॉन्डहाइममध्ये, नॉर्वेच्या घरात येऊन, त्याने चारही अंतरं जिंकली. त्याच वर्षी क्रिस्तियानियात ५००० मीटरला ८ मिनिटं ३७.२ सेकंद घेऊन त्याने याप एडनचा १८९४ चा ८:३७.६ हा विक्रम मोडला. सतरा वर्षं जुना विक्रम, आणि मोडला तोही फक्त चार-दशांश सेकंदाने. स्त्रुन्निकोव्ह मग स्पर्धांतून बाजूला झाला. त्याच्या जागी वासिली इप्पोलितोव्ह आला. १९१३ चं युरोपीय विजेतेपद त्याने सेंट पीटर्सबर्गमध्ये जिंकलं, आणि १९१३ व १९१४ या दोन्ही जागतिक स्पर्धांत तो माथिसेनच्या मागे दुसरा राहिला. म्हणजे रान मोकळं नव्हतं. मला नेहमी वाटतं, स्त्रुन्निकोव्ह अजून चार हिवाळे टिकता तर या खेळाचा इतिहास जास्त रंगला असता आणि माथिसेनचे किताब कदाचित कमी असते. पण तो टिकला नाही, आणि घड्याळ माथिसेनच्या बाजूने बोलतं.

घड्याळाचं बोलू. १ फेब्रुवारी १९१३ ला क्रिस्तियानियात त्याने १०,००० मीटर १७ मिनिटं २२.६ सेकंदांत पूर्ण केले. हा विक्रम आर्मंड कार्लसनने १९२८ मध्ये दावोसला मोडेपर्यंत पंधरा वर्षं राहिला. ५००० मीटरला त्याने स्त्रुन्निकोव्हची वेळ मागे टाकली आणि १९१६ मध्ये ती ८:३६.३ वर आणली. ५०० चा ४३.४ हा विक्रम १९२६ पर्यंत टिकला. आणि १८ जानेवारी १९१४ ला, ५०० च्या दुसऱ्या दिवशी, दावोसलाच १५०० मीटरला २ मिनिटं १७.४ सेकंद. आधीचा विक्रमही त्याचाच होता. सगळे मिळून त्याच्या नावावर चौदा जागतिक विक्रम आहेत. २:१७.४ ला हात लावला तो १९३७ मध्ये मिखाएल स्टाक्सरूदने, २:१४.९ ने, पुन्हा दावोसलाच.

दावोसच का? ते गाव समुद्रसपाटीपासून जवळपास १५६० मीटर उंच आहे. तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण चौदा-पंधरा टक्के विरळ, आणि विरोधाचा मोठा वाटा हवेचा हे वर सांगितलंच. शिवाय डोंगरांच्या कुशीत वारा कमी आणि थंडी भरवशाची. दम कमी पडतो हे खरं, पण तो लांब अंतरांना जास्त नडतो. ५०० आणि १५०० ला विरळ हवेचा फायदा दमाच्या तोट्यापेक्षा मोठा ठरतो. तुमच्या मुलीने विक्रमांची यादी काढली तर १९७१ पर्यंत दावोस पुन्हा पुन्हा भेटेल: डच खेळाडू आर्द शेंकने १५०० मीटर दोन मिनिटांच्या आत नेले तेही तिथेच.

पण इतरांनाही दावोस खुलं होतं. मग तेवीस वर्षं का? माझं उत्तर तीन तुकड्यांत आहे. एक, युद्ध. १९१४ च्या ऑगस्टपासून युरोप पेटला आणि १९१५ ते १९२१ जागतिक स्पर्धाच झाल्या नाहीत. एक अख्खी पिढी बर्फावर येण्याऐवजी खंदकात गेली. दोन, साहित्य बदललं नाही. पातं तेच, लोकर तीच, बर्फ तसाच आभाळाचा. त्यामुळे विक्रम मोडायला माणूसच जास्त चांगला लागत होता, बूट मदतीला येणार नव्हता. तीन, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: १५०० हे अंतर ज्याला झेपही आहे आणि दमही आहे अशा माणसाचं. माथिसेन तसा होता. २:१७.४ मध्ये फेरीची सरासरी ३६.६ सेकंद पडते. त्याच्या १०,००० मीटरच्या विक्रमात तो फेरीला सरासरी ४१.७ सेकंद घेत होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पंचवीस फेऱ्या ४१.७ ने जाऊ शकणाऱ्याला पावणेचार फेऱ्या ३६.६ ने जाताना शेवटी पाय कमी कापरे होतात, आणि ५०० ला ४३.४ काढणाऱ्याला तो सुरुवातीचा वेग अंगावर येत नाही. नुसत्या झेपेवाल्याकडे यातला एक आकडा असतो, नुसत्या दमवाल्याकडे दुसरा.

आता ऑलिंपिक. इथे वेळापत्रकच पाहावं लागेल. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बर्फावर फक्त फिगर स्केटिंग होतं. १९१२ ला स्टॉकहोममध्ये बर्फ नव्हताच. १९१६ चं ऑलिंपिक युद्धाने रद्द केलं. १९२० ला अँटवर्पमध्ये फिगर स्केटिंग आणि आइस हॉकी होती, वेगाचं स्केटिंग नव्हतं. ते ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं १९२४ ला, फ्रान्समधल्या शामोनीमध्ये. तोवर माथिसेन पस्तिशीचा, आणि मुळात अपात्र. १९१६ नंतर तो व्यावसायिक झाला होता, पैसे घेऊन शर्यती करत होता, आणि तेव्हाच्या नियमांनुसार पैसे घेतलेल्या खेळाडूला हौशी स्पर्धांचं दार कायमचं बंद. पंचविसाव्या वर्षी पाचवा जागतिक किताब घेतलेल्या माणसासमोर युद्धामुळे जागतिक स्पर्धाच उरल्या नव्हत्या. त्याने पैसा निवडला म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

व्यावसायिक म्हणून त्याचा मोठा प्रतिस्पर्धी शिकागोचा बॉबी मॅकलीन. १९२० मध्ये दोघांची क्रिस्तियानियात गाठ पडली. स्केटिंगच्या दृष्टीने ही भेट मजेदार, कारण दोन वेगळे खेळ समोरासमोर आले होते. अमेरिकेत सगळे एकत्र सुटायचे, कोपर, डावपेच आणि शेवटची झेप याला महत्त्व. युरोपात लेन, जोडी आणि घड्याळ. एकातला तरबेज माणूस दुसऱ्यात नवखा वाटू शकतो. आपल्याकडे ट्रॅकवर टाइम ट्रायल चांगली करणारी मुलं रोड रेसमध्ये का हरतात, तेच कारण.

ऑलिंपिक पदक नाही या आक्षेपावर माझ्याकडे एक साधी तुलना आहे, प्रकल्पात एका तक्त्यात बसेल. शामोनी १९२४ मधल्या सुवर्णपदकांच्या वेळा घ्या. ५०० मीटर, अमेरिकेचा चार्ल्स ज्युट्रॉ, ४४.०. १५०० मीटर, फिनलंडचा क्लास थुनबर्ग, २:२०.८. ५००० मीटर, पुन्हा थुनबर्ग, ८:३९.०. १०,००० मीटर, फिनलंडचाच युलियस स्कुटनाब, १८:०४.८. शेजारी माथिसेनच्या विक्रमी वेळा लिहा: ४३.४, २:१७.४, ८:३६.३, १७:२२.६. चारही ठिकाणी आठ ते अकरा वर्षं आधीचा माथिसेन पुढे. हा खटला एकतर्फी जिंकला असं मी म्हणणार नाही. शामोनीचा बर्फ आणि हवा वेगळी होती, ऑलिंपिकमध्ये पदकासाठी एकाच दिवशी खेळावं लागतं, आणि माझ्या यादीतल्या वेळा त्याने निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हिवाळ्यांत काढल्या. पण 'त्याला पदक नाही' म्हणून तो कमी, हे म्हणणं या तक्त्यानंतर टिकत नाही. थुनबर्गनेही पुढे पाच जागतिक किताब मिळवले आणि त्याची बरोबरी केली. हा पाचचा आकडा नेदरलँड्सच्या स्वेन क्रामरने २०१३ मध्ये ओलांडला आणि पुढे नऊवर नेला. म्हणजे जवळपास शंभर वर्षं.

आणखी एक मापदंड आहे, स्केटिंगचे वेडे लोक तो फार मानतात, पण आपल्याकडे ऐकलेला नसतो. चारही अंतरांतल्या खेळाडूच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम वेळा घ्यायच्या, प्रत्येक वेळ ५०० मीटरच्या मापावर आणायची आणि बेरीज करायची. १५०० च्या सेकंदांना ३ ने भागायचं, ५००० च्या १० ने, १०,००० च्या २० ने. बेरीज जितकी कमी तितका खेळाडू वर. या यादीला आडेल्सकालेंडर म्हणतात, आणि १९२८ पासून स्पर्धेतले गुणही याच हिशोबाने मोजले जाऊ लागले. माथिसेनच्या वरच्या विक्रमी वेळांचं गणित करून बघा: ४३.४, त्यात ४५.८, त्यात ५१.६३, त्यात ५२.१३, एकूण १९२.९६. आता शामोनीच्या सुवर्णवेळांची, म्हणजे तीन वेगवेगळ्या माणसांच्या वेळांची, तशीच बेरीज केली तर साधारण १९७.०७ येते. मुलीला हे गणित स्वतः करू द्या. भागाकाराने तिला कळेल की १०,००० मीटरमध्ये वीस सेकंद गमावणं आणि ५०० मध्ये एक सेकंद गमावणं बरोबरीचं का मानतात. चारही अंतरं खेळणारा माणूस डोक्यात सतत हेच मांडत असतो.

माथिसेन १० एप्रिल १९५४ ला वारला. ओस्लोच्या फ्रॉग्नर स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, आर्ने डुर्बान या शिल्पकाराने केलेला. १९५९ पासून वर्षातल्या सर्वोत्तम स्पीड स्केटिंग कामगिरीला त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो. पहिला मानकरी नॉर्वेचाच क्नुत योहानेसन. अमेरिकेच्या एरिक हायडनने तो १९७७ ते १९८० सलग चार वर्षं घेतला. ऑलिंपिकमध्ये १९८० ला पाच सुवर्णं घेणारा हाच हायडन. ऑलिंपिक पदक नसलेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार ऑलिंपिकचे राजे घेतात, यात स्केटिंगवाल्यांना काही वावगं वाटत नाही.

प्रकल्पासाठी शेवटचं, कामाचं. नुसत्या वेळांचा तक्ता करू नका. प्रत्येक वेळेपुढे चार रकाने ठेवा: गाव आणि त्याची उंची, बर्फ उघड्यावरचा की बंदिस्त, पातं जखडलेलं की टाच सुटी, आणि पोशाख लोकरीचा की अंगाला चिकटलेला. १९१४ चा दावोस आणि २०१९ चा सॉल्ट लेक सिटी असे दोन आडवे टप्पे घ्या. तिथे नेदरलँड्सच्या किएल्ड नुइसने १५०० मीटर १ मिनिट ४०.१७ सेकंदांत कापले, म्हणजे माथिसेनपेक्षा ३७ सेकंदांहून थोडं जास्त लवकर. त्या ३७ सेकंदांतले किती पायातल्या बिजागरीचे, किती पोशाखाचे, किती छपराखालच्या बर्फाचे आणि किती माणसाचे, याचा अंदाज वर्गातल्या मुलांना आधी लिहायला लावा आणि मग तक्ता दाखवा. माझ्या मुलांबरोबर मी हे केलं आहे. बहुतेक जण सगळं माणसाच्या खात्यावर टाकतात. एकदा पातं हातात दिलं, धारेवरून नख फिरवायला लावलं आणि जखडलेल्या बुटात टाच उचलून बघ म्हटलं, की आकडे खोडून पुन्हा लिहायला बसतात.